केईएम : खाटेपाशी भरणारी शाळा

परळच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट एका अटीपासून सुरू होते. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी द्यायला विश्वस्त तयार झाले, तेव्हा त्यांनी मुंबई महापालिकेला एक गोष्ट बजावली. इथले प्राध्यापक आणि शिक्षक सगळे भारतीय असतील, पुरेसे शिकलेले असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. इमारतीवर नाव कुठे कोरायचं, पुतळा कुठे बसवायचा, असल्या अटी घालणारे दाते मुंबईला ठाऊक होते. शिकवणार कोण, यावर अडून बसणारे मात्र विरळाच.

ही अट आली कुठून, हे समजायला भायखळ्याकडे पाहावं लागतं. तिथलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं. भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे हिंदी माणसाला डॉक्टर होण्याची दारं ऐंशी वर्षांपूर्वीच उघडली होती. डॉक्टरांना घडवण्याची दारं मात्र जवळपास बंदच राहिली. प्राध्यापकांच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या, आणि ते अधिकारी बहुतेक गोरे. परदेशातल्या मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या हिंदी डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिसमध्ये नाव मिळे, पैसाही मिळे. वॉर्ड आणि विद्यार्थी मिळत नसत. ज्याच्याकडे वॉर्ड नाही त्याच्या अनुभवाला वारस नाही, ही खंत त्या पिढीला होती. असहकाराच्या लाटेत १९२१ साली मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं, आजच्या नायर रुग्णालयाचं टोपीवाला कॉलेज ते हेच. परळची अट त्याच हवेतली आहे, फक्त तिच्यामागे शेठजींचा पैसा होता आणि महापालिकेची ताकद होती.

गंमत पाहा. सरकारी नोकरीतला एकही शिक्षक नको म्हणणाऱ्या या संस्थेच्या रुग्णालयाला नाव मात्र बादशहाचं : किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम. सातवे एडवर्ड १९१० मध्ये वारले, त्यांच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला आणि तो रुग्णालयाकडे वळला. एका बाजूला राजनिष्ठेचा निधी, दुसऱ्या बाजूला स्वदेशीची अट, आणि दोन्हींचा संसार सांभाळायला महापालिका. ही सोयरीक मुंबईतच जमू शकते. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. महाविद्यालयाची पहिली तुकडी १९२५ मध्ये भरली आणि २२ जानेवारी १९२६ रोजी रुग्णालयाचं उद्घाटन झालं. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बोधवाक्य लॅटिनमधलं घेतलं, त्याचा आशय असा की स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी.

जागा परळची निवडली गेली, तिलाही अर्थ आहे. परळला एके काळी गव्हर्नरांचा बंगला होता. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये त्या बंगल्यात आली. भोवताली गिरण्यांची धुराडी उभी होती, आणि धुराड्यांच्या पायथ्याशी चाळी. एका खोलीत दोन पाळ्यांचे गाळेकरी झोपत, एक पाळी उठली की दुसरी त्याच अंथरुणावर. क्षय, हगवण, बाळंतपणातले मृत्यू, पट्ट्यात सापडलेले हात, या सगळ्याला जवळ रुग्णालय हवं होतं. केईएमच्या पाठोपाठ वाडियांची दोन रुग्णालयं आली, एक बाळंतिणींचं, एक मुलांचं. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल आलं. परळच्या एवढ्याशा टापूत माणूस जन्मण्यापासून मरण्यापर्यंतची सगळी व्यवस्था झाली. गिरणगावात ‘केईएमला नेलंय’ एवढं सांगितलं की ऐकणारा पुढचं विचारत नसे. सदरा चढवून निघत असे.

हा संग्रह त्या रुग्णालयाविषयी आहे. पण वाचकाने पान उलटण्यापूर्वी एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. तो असा : म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गरिबावर शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात, आणि खरी विद्या संध्याकाळी खाजगी दवाखान्यात श्रीमंताला मिळते. हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्यात अजिबात तथ्य नाही असंही म्हणता येणार नाही. तरी शिकवणाऱ्या रुग्णालयाचं खरं मर्म त्यातून निसटतं.

वॉर्डातला सकाळचा राउंड डोळ्यांसमोर आणा. दोन रांगांत खाटा, मधून वाट, आणि आदल्या दिवशी युनिटची इमर्जन्सी असेल तर खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. केईएममध्ये खाट नाही म्हणून पेशंट परत पाठवत नाहीत, खाली निजवतात. सर येतात, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन, इंटर्न आणि शेवटी वहीत काहीतरी खरडणारी पोरं. एका खाटेपाशी थांबतात. हाउसमन केस सांगायला लागतो : वय चाळीस, कामाठी, राहणार घोडपदेव, पंधरा दिवसांपासून ताप, पोटात डावीकडे जडपणा. सर मध्येच विचारतात, ताप थंडी वाजून येतो का? रोज येतो की दिवसाआड? हाउसमन केसपेपरात पाहतो. सर म्हणतात, कागदात काय बघतोस, त्याला विचार. मग एका विद्यार्थिनीला पुढे बोलावतात. ती हात गार आहेत म्हणून आधी तळवे एकमेकांवर चोळते, मग पोटावर ठेवते. श्वास घ्या, म्हणते. पेशंट श्वास घेतो आणि वाढलेली प्लीहा खाली सरकून तिच्या बोटांना लागते. तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं. तिच्यामागून आणखी चौघं हात लावतात, आणि पाचव्याच्या वेळी पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, आता पुरे की.’

त्या माणसाच्या पोटाला त्रास झाला, हे खरंच. पण त्याच वेळी आणखी काहीतरी झालं. त्याच्या आजाराविषयी घेतलेला प्रत्येक निर्णय कोणाला तरी मोठ्याने सांगावा लागला, त्याचं कारण द्यावं लागलं, आणि ‘का?’ असं विचारायला तिथे वीस-बावीस वर्षांची पोरं हजर होती. खाजगी खोलीत मोठा डॉक्टर एकटा येतो, मान हलवतो, चिठ्ठी लिहितो, त्याला ‘का?’ म्हणणारं कोणी नसतं. केईएमच्या जनरल वॉर्डातल्या कामाठ्याची केस चार पायऱ्यांवर चार जण तपासतात, चूक झाली तर वरच्याच्या नजरेत येण्याची शक्यता असते, आणि पेशंट दगावलाच तर विभागाच्या बैठकीत त्यावर बोलावं लागतं. पैसा नसलेल्या माणसाला एवढी चौकशी दुसरीकडे कुठे मिळते? माझं मत असं, की शिकवणं ही इथे उपचाराच्या जोडीला केलेली वेगळी कामगिरी नाही. गरिबाला मिळणारी हमी तीच आहे. जिथे शिकवणं ढिलं पडतं, राउंड उरकला जातो, सर केबिनमधून सह्या करतात, तिथे वॉर्डातला उपचारही ढिला पडतो. डीनपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ते आधी कळतं.

उलट बाजूने पाहिलं तर पेशंट इथे शिक्षक आहे. गिरणगावाने केईएमला काय शिकवलं याची यादी लांब होईल; दोन-चार गोष्टी सांगतो. सुताच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांची छाती सुट्टीनंतर कामावर परतलं की भरून येते. बिसिनोसिस त्याचं नाव. कामगार त्याला दमा म्हणत, मालक बिडीचा परिणाम म्हणत. केईएमच्या छातीविकार विभागातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरण्यांतली ही धूळ अभ्यासली, पुढे मुंबईची हवा अभ्यासली, भोपाळच्या वायूने होरपळलेल्यांची फुप्फुसंही तपासली. वॉर्डाच्या दारात जे येतं त्याच्या मागावर निघायचं, हा धडा ओपीडीच्या रांगेनेच दिला.

डॉ. रुस्तम जल वकील इथलेच. उच्च रक्तदाबावर हाताशी धड औषध नव्हतं त्या काळात त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या पेशंटना देऊन मोजमाप ठेवलं आणि १९४९ मध्ये ते ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. आकड्यांत मांडून ती जगाच्या गळी उतरवली वकिलांनी. १९५७ चा लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला. तोच धागा पुढे डॉ. शरदिनी डहाणूकरांनी उचलला. औषधशास्त्राच्या प्राध्यापिका, केईएममध्ये १९८९ साली आयुर्वेद संशोधन केंद्र उभं करणाऱ्या, गुळवेलीवर काम करणाऱ्या. मराठी वाचक त्यांना ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतात. झाडांवर इतकं प्रेमाने लिहिणारी बाई प्रयोगशाळेत त्याच झाडांना पुरावा मागत होती, हे तिच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन. केपटाउनला बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं हृदय बदललं. त्यानंतर अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. पेशंट काही तासच जगला. त्याच वर्षी केलेली दुसरी शस्त्रक्रियाही टिकली नाही. यावर आपल्याकडे दोन टोकांची बोलणी होतात : एक, पहिलेपणाचा झेंडा, दुसरं, गरिबावर केलेला प्रयोग. मला दोन्ही अपुरी वाटतात. सेन त्याआधी अनेक वर्षं कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करत होते. सापाच्या हृदयाचे स्नायू पोकळीतल्या रक्तावरच पोसले जातात, हे पाहून माणसाच्या हृदयाला बारीक छिद्रं पाडून रक्त पुरवता येईल का, ही कल्पनाही त्यांनी १९६५ मध्ये मांडली होती; लेझरचे दिवस आल्यावर जगाने तिच्याकडे पुन्हा पाहिलं. ते घाईने उठून केपटाउनची नक्कल करणारे गृहस्थ नव्हते. पण हेही तितकंच खरं की मेंदूमृत्यूला या देशात कायद्याची मान्यता १९९४ साली मिळाली, आणि नवं हृदय नाकारणाऱ्या शरीराला आवरणारी चांगली औषधं तेव्हा जगातच नव्हती. कौशल्य होतं, आजूबाजूचा आधार नव्हता. संमती म्हणजे नेमकं काय, सही करणाऱ्याला काय कळलं असेल, हे प्रश्न पुढच्या पिढीने उघडपणे विचारायला घेतले. वैद्यकीय नीतीवरचं नियतकालिक मुंबईत सुरू करणाऱ्यांत याच रुग्णालयाचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या पुढे होते, हा योगायोग मी मानत नाही.

६ ऑगस्ट १९८६ला इथे जन्मलेल्या, देशातलं पहिलं म्हणून नोंदलेल्या टेस्ट ट्यूब बाळाबद्दल फार लिहीत नाही; डॉ. इंदिरा हिंदुजांचं ते काम सर्वपरिचित आहे, आणि कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ मध्ये केलेल्या, तेव्हा कोणी न मानलेल्या कामाचं स्मरण त्याच्यासोबत ठेवलं की पुरे. एवढंच नोंदवतो की नसबंदीच्या शिबिरांचे आकडे मोजणाऱ्या सार्वजनिक व्यवस्थेत, मूल होत नाही म्हणून चाळीत टोमणे खाणाऱ्या बाईच्या दुःखालाही आजार मानलं गेलं. हे मला त्या पहिलेपणापेक्षा मोठं वाटतं.

शिकवणाऱ्या पेशंटांत मेलेलेही येतात. शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्या देहापासून सुरुवात करतो तो बरेचदा बेवारस असे. मुंबईचा १९४९चा ॲनाटमी ॲक्ट त्यासाठीच होता. फुटपाथवर मेलेला, कोणी न्यायला न आलेला माणूस पुढच्या हजारो पेशंटांच्या डॉक्टरांना हाताला धरून शिकवून गेला. त्याचं नाव कुठल्याच फळ्यावर नाही. डॉ. मनू कोठारी याच विभागात शिकवत. खडू-फळ्याचा हा माणूस कर्करोगाविषयी प्रस्थापितांना न रुचणारं बोलायचा. त्यांची मतं पटोत न पटोत, देहासमोर नम्र व्हायला त्यांनी पोरांना शिकवलं, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात.

इथवर डॉक्टरच डॉक्टर झाले. रुग्णालयांच्या इतिहासात नेहमी असंच होतं, म्हणून आता सिस्टरांकडे वळतो.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएमच्याच आवारात, त्यांच्यातल्याच एका परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. अरुणा शानबाग यांचं नाव पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे देशाला कळलं. हल्लेखोरावर खटला चालला तो चोरीचा आणि जीवघेण्या हल्ल्याचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. संस्थेची ही काळी बाजू आहे आणि ती झाकून कोणताही गौरवग्रंथ काढू नये. पण त्यानंतर जे घडलं तेही याच संस्थेत घडलं. मेंदूला कायमची इजा झालेल्या या सहकारी बाईला सिस्टरांनी ४१ वर्षांहून अधिक काळ वॉर्डात सांभाळलं. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करायला तिला दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्यांना दिला नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एक शय्याव्रण उठला नव्हता.

त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबावं. शय्याव्रण न उठणं म्हणजे काय, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केलेल्याला विचारा. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्री. चादरीवर सुरकुती राहू द्यायची नाही, ओल राहू द्यायची नाही. टाचा, माकडहाड, कोपरं रोज पाहायची, जरा लाली दिसली की तिथला भार काढायचा. भरवताना ठसका लागणार नाही असं बसवायचं. पाळी बदलली की हे सगळं पुढचीला तोंडी सांगायचं. ज्या मुली १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या त्या ट्रेनिंगला आल्या, हे शिकल्या, आणि आपल्यानंतरच्यांना शिकवून गेल्या. अरुणा शानबाग १८ मे २०१५ला गेल्या. निष्क्रिय दयामरणाला वाट देणारा २०११चा निकाल त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि कायद्याच्या वर्गात त्यांची केस शिकवली जाते. नर्सिंगच्या वर्गात ती याहून जास्त शिकवली जायला हवी.

संस्था बदलत गेली. सुरुवातीची कित्येक दशकं ऑनररी डॉक्टरांची होती. सकाळी वॉर्डात फुकट किंवा नाममात्र मानधनावर काम, दुपारी आपापल्या कन्सल्टिंगला. हळूहळू पूर्णवेळ शिक्षक आले. जुनी मंडळी ऑनररींच्या आठवणींनी हळवी होतात. मला मात्र पूर्णवेळ पद्धत पेशंटच्या हिताची वाटते. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ मराठीत इतकं वाचलं गेलं ते उगीच नव्हे. एका वॉर्डात आयुष्य घालवणारा सर्जन त्यात भेटतो. अशी माणसं टिकवणं आता कठीण झालं आहे. बाहेरचा पगार कितीतरी पट, आत लिफ्ट बंद आणि एमआरआयची तारीख महिन्यांनी पुढची.

बाहेरचं परळही राहिलं नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. केसपेपरासाठी सकाळी रांगेत उभा असलेला माणूस आता कसाऱ्याहून, कर्जतहून, कोकणातून, जौनपूर-दरभंग्याहून येतो. संस्थेच्याच आकड्यांनुसार वर्षाला सुमारे १८ लाख लोक बाह्यरुग्ण विभागात येतात आणि ८५ हजारांच्या आसपास दाखल होतात. त्यांच्यासाठी खाटा दोन हजारांच्या घरात. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचे पेशंट यायला लागले. १९९३चे बॉम्बस्फोट, २००६ चे लोकलमधले स्फोट, २०१७ ची एल्फिन्स्टन पुलावरची चेंगराचेंगरी, २०२० चा कोविड, प्रत्येक वेळी आचार्य दोंदे मार्गावर रुग्णवाहिकांची रांग लागली. शहराला आपल्या महापालिकेचा राग यायला शंभर कारणं आहेत, आणि तीच महापालिका चार वैद्यकीय महाविद्यालयं चालवते. देशात दुसरीकडे फारसं न दिसणारं हे चित्र मुंबईकराच्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्याचं त्याला काही वाटत नाही.

निवासी डॉक्टरांविषयी दोन शब्द. छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी करणारी ही मुलं या यंत्रणेचा कणा आहेत आणि नातेवाइकांचा मारही तेच खातात. त्यांच्या संपांवर वर्तमानपत्रं ‘रुग्णांचे हाल’ एवढंच लिहितात. वर जी हमी म्हटली, चार पायऱ्यांवर चार जणांनी तपासण्याची, तिची खालची पायरी हीच. दोन रात्री न झोपलेला हाउसमन सरांच्या ‘का?’ला काय उत्तर देणार?

या संग्रहात माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत, विभागांचे इतिहास आहेत, सिस्टरांच्या मुलाखती आहेत. वॉर्डबॉय आणि मावशी यांची पानं कमी पडली, आणि पेशंटांची जवळजवळ नाहीत. त्यांचं म्हणणं जिथे नोंदलं गेलं ती जागा म्हणजे केसपेपर : नाव, वय, पत्ता, धंदा आणि हाउसमनच्या घाईच्या अक्षरात दोन ओळींची तक्रार. ‘धंदा’ या रकान्यात आधी गिरणी कामगार, मग फेरीवाला, मग सिक्युरिटी, मग डिलिव्हरी, असं लिहिलं गेलं असणार. तो रकाना दशकामागून दशक घेऊन वाचणारा कोणी इतिहासकार भेटला, तर दुसऱ्या खंडाची प्रस्तावना त्याने लिहावी. पहिला खंड इथून पुढे आहे.